कौसल्याबाई आणि गळ्याचं माप

आंघोळ करताना माझा हात मानेवर जरा जास्त वेळ रेंगाळला की मला कौसल्याबाईंचा राग येतो. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि रोज सकाळी कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत बोटं फिरवून पाहते, काही नवीन उगवलं तर नाही ना. ही खोड त्यांनी लावली. सात वर्षं त्यांनी माझे ब्लाउज शिवले, त्यातला एकही सांगितलेल्या दिवशी दिला नाही, पण ही एक गोष्ट अशी पक्की शिवून दिली की काही केल्या उसवत नाही.

आमगावच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा मी वर्ध्याकडून आलेली, एकटी. नवरा नोकरीपायी तिकडेच. खोली भाड्याने घेतली ती नेमकी कौसल्याबाईंच्या शेजारची. त्यांचं दुकान म्हणजे घराची समोरची खोली. पायाची मशीन, कापडांची लाकडी पेटी, माप घ्यायला कोपऱ्यात जुन्या साडीचा पडदा. दाराच्या चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या दोन रेघा होत्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं, या कशाच्या?

"टेप ताणून जाते म्याडम," त्या म्हणाल्या. "कापडाचाच तो. हप्त्यातून एकदा रेघेले लावून पाहाव लागते, किती खोटा बोलून राहिला ते."

स्वतःच्या टेपवर विश्वास नसलेली शिंपीण मी तोवर पाहिली नव्हती. पुढे कळलं की टेप हा फारच किरकोळ मामला होता. दूधवाल्याने कॅन बदलली तर त्या त्याला उंबऱ्यावर थांबवून विचारत, "हे कधीपासून?" समोरच्या किराणावाल्याकडे नवा वजनकाटा आला, कधीपासून? वर्षभर एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन जावा बाजारात बरोबर दिसल्या, कधीपासून? मी चष्मा लावून पहिल्यांदा बाहेर पडले तर नमस्कार नाही की चमत्कार नाही, थेट "कधीपासून दिसून नाही राहिलं?" बारीक, काळीसावळी बाई. ब्लाउजला कायम दोन सुया टोचलेल्या, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत. गळ्याकडे पाहत.

आणि एक शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. "काही नाही वो, असंच," असं कोणी म्हटलं की त्या हातातली कात्री खाली ठेवायच्या.

"असंच म्हणजे कसं? धान असंच पिवळं पडते का? कायले तरी पडते ना."

मग त्या माणसाची सुटका नसायची. एकदा त्यांनी माझे डोळे लाल का म्हणून विचारलं तेव्हा मी "काही नाही" म्हणून गेले आणि पुढचा अर्धा तास नवऱ्याशी फोनवर झालेलं भांडण अथपासून इतिपर्यंत सांगत बसले. घरी येऊन मला माझाच संताप आला.

आता गळ्याच्या मापाचं सांगते. ब्लाउज शिवायला टाकताना बायका मापाचा ब्लाउज देतात, ही जगाची रीत. कौसल्याबाई तो हातातसुद्धा घेत नसत. "हा कधीचा? मागच्या सालचा? तवाच्या तुमी अन् आताच्या तुमी एकच हाव का?" असं म्हणून पडद्याआड उभं करायच्या. छाती, कंबर, दंड, बाही, सगळं झालं की शेवटी गळा. केस वर धरायला लावायच्या. मोठ्या बायकांना "खाली पाहा," पोरींना "खाली पाह." आणि मग टेप बाजूला ठेवून त्यांचा अंगठा चालू व्हायचा. कानामागून निघायचा, जबड्याखालून यायचा, मानेच्या कडेने उतरत गळ्याच्या हाडापाशी थांबायचा. एक बाजू झाली की दुसरी. मग मागची मान. कात्री धरून धरून घट्टे पडलेला तो खरबरीत अंगठा, अंगावर काटा यायचा.

मला हे पहिल्यापासून संशयास्पद वाटलं. ब्लाउजच्या गळ्याला कानामागचं माप कशाला लागतं? एकदा तर मी नुसता परकर शिवायला टाकला होता, तरी बाईने मान खाली घालायला लावली. त्यात एक दिवस म्हणाल्या, "मंगळसूत्र काढून ठेवा म्याडम, बोट अडते." मी मनात म्हटलं, समजलं. बाई गळ्यातल्या सोन्याचा अंदाज घेते. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाताना मंगळसूत्र घरी डब्यात ठेवून काळी पोत घालून जायला लागले. त्यांनी ते पहिल्याच वेळी ओळखलं. नुसतं "हं" केलं.

माझी घरमालकीण म्हणजे काकी. मूळची गोंदिया शहरातली, बोलणं सगळं हिंदी. काकींची मान मागून काळपट आणि जाड झाली होती, घडीत मळ साचल्यासारखी. वर तांदळाएवढ्या चामखिळी लोंबत होत्या. काकी रोज वजरीने मान घासायच्या आणि म्हणायच्या, "धूप का कालापन है." एका चामखिळीला त्यांनी केसाने आवळून गाठ मारली होती. इकडे तो सर्रास उपाय, केस बांधायचा, चामखीळ वाळून आपोआप गळून पडते म्हणतात. ती काही गळली नाही. सुजली, लाल झाली, चिघळली. तिच्यावर काकींनी पानाचा चुना लावला.

कौसल्याबाई माप घेता घेता म्हणाल्या, "मळ असता तं साबणानं निघाला असता. रक्त तपासून घ्या काकी. साखर निघन."

काकी भडकल्या. पण चुन्याने भाजलेल्या जागेची आग सहन होईना, म्हणून सरकारी दवाखान्यात गेल्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंनीही मान पाहून तेच सांगितलं, आणि साखर निघाली, चांगली वाढलेली. चामखिळी निरुपद्रवी होत्या, पण मान अशी काळी आणि जाड होते ते पुष्कळदा आतली साखर बिघडल्याचं लक्षण असतं, हे तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं. आता यावर काकींनी कौसल्याबाईंना दुवा द्यावा की नाही? त्या गल्लीभर सांगत सुटल्या, "उसने मेरी गर्दन देखी, तब से शुगर हो गई." बाईची नजर वाईट, गळ्यावर पडली की काहीतरी निघतं, ही आवई तिथून उठली. आणि खरं सांगते, शिकलेली मास्तरीण असूनही मी नंतर दोन महिने त्यांच्याकडे ब्लाउज टाकला नाही. कारण तेवढ्यात माझ्याच मानेवर त्यांचा अंगठा थांबला होता.

मागे, केसांच्या रेषेखाली, बोराएवढी गाठ. मला पत्ता नव्हता.

"कधीपासून?"

"मला काय माहीत? मला मागे डोळे आहेत का?"

"मंग चला."

मी गेले नाही. दोन महिने त्या गाठीशी खेळत बसले. रात्री झोप नाही, वर्गात फळ्याकडे तोंड केलं की हात मानेवर. फोनवर शोधलं तर एक पान म्हणे घाबरू नका, दुसरं म्हणे उशीर करू नका. शेवटी मीच शरण गेले आणि आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, केसांची वेणी घातलेली. माझ्याआधी कौसल्याबाईंनी त्यांचीच तपासणी सुरू केली.

"तुमी कधीपासून डॉक्टर हाव?"

"चार वर्षं झाली."

"अन् त्याच्या आधी?"

"शिकत होते."

"हं," कौसल्याबाई म्हणाल्या आणि स्टूल पुढे ओढून बसल्या.

डॉक्टरांनी गाठ चाचपली, सरकवून पाहिली. चरबीची गाठ. मऊ आहे, बोटाखाली हलते, वर्षानुवर्षं एवढीच राहील. वाढायला लागली, टणक लागली किंवा दुखायला लागली तर या, नाहीतर विसरून जा. मी सुटकेचा श्वास सोडला आणि उठले. कौसल्याबाई हलल्या नाहीत.

"मंग वाईट कोन्ती ते सांगा."

बाहेर रांग होती, पण त्या पोरीने शांतपणे सांगितलं. घसा आला, दात किडला, डोक्यात फोड झाला तरी मानेत गाठी येतात, त्या बहुधा दुखतात आणि आठ-पंधरा दिवसांत बसतात. पण दोन-तीन आठवडे उलटले तरी बसत नाही, वाढतच जाते, दगडासारखी लागते, जागची हलत नाही, अशी गाठ दाखवायचीच. सोबत संध्याकाळचा ताप असेल, रात्री घाम येत असेल, वजन उतरत असेल, आवाज बसला असेल, गिळायला त्रास होत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. तीळ असेल आणि त्याचा रंग किंवा आकार बदलला, रक्त आलं, तरी तसंच. कौसल्याबाईंनी मापाची वही पिशवीतून काढली आणि माझ्या कमरेच्या मापाखाली हे सगळं खडूच्या पेन्सिलीने लिहून घेतलं.

"दुखत नाही म्हणजे बरी, असं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुष्कळदा उलटंच."

"तेच म्हनून राहिली होती मी," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणत होत्या ते तेव्हा कळलं नाही. परत येताना मी त्यांच्यावर चिडचिड केली, दोन महिने माझी झोप घालवली म्हणून. त्या म्हणाल्या, "दोन महिने मी नाही घालवले. तुमी घालवले. दुसऱ्या दिवशी गेल्या असत्या तं एकच रात्र गेली असती." 

नंतर एका संध्याकाळी लाइट गेली होती, मशीन पायाची असली तरी अंधारात ओवता येत नव्हतं, म्हणून त्या दारात बसल्या होत्या. मी सहज विचारलं, हे गळे तपासायचं तुम्हाला कुणी शिकवलं?  त्यांनी सौंदडला दिलेल्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. निर्मला तिचं नाव.

"उन्हाळ्यात आली अन् म्हणे, बाई, मले बंद गळ्याचा शिवून दे, कॉलरवाला. मी म्हटलं, काऊन वो, एवढ्या उन्हात? म्हणे काही नाही, असंच. फॅशन हाये. मी मानलं. सख्खी बहीण, तिच्यावर कायले शक घेऊ? तीन शिवले. अशी कॉलर बसवली म्याडम, का वर्षभर कोनालेच दिसलं नाही. तिच्या नवऱ्याले दिसलं तवा गाठ लिंबाएवढी झाली होती. मंग काळा दोरा बांधला, लेप लावला. नागपूरले नेलं तवा डॉक्टर म्हणे, आता कायले आणलं."

एवढं सांगून त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, अंधारात. मला माझ्या डब्यातल्या मंगळसूत्राची आठवण झाली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी ते घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी तेही पाहिलं आणि "हं" केलं.

रोशनी माझी विद्यार्थिनी. दहावीला माझ्या वर्गात होती, नंतर कॉलेजला गेली. पोवारांचं घर, कामठ्याकडे धानाची चांगली शेती, बाप अबोल, आई देवकाबाई फटकळ पण मायाळू. रोशनीचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाला नोकरी, घर चांगलं, सोयरीक जमायला दोन वर्षं लागलेली. एप्रिलमध्ये देवकाबाई लग्नाच्या साडीचं रेशमी कापड घेऊन आल्या. मी पेटीवर बसून चाचणीचे पेपर तपासत होते.

"बंद गळा करा," देवकाबाई म्हणाल्या. "कॉलर मोठी. कानापर्यंत आली तरी चालन."

कौसल्याबाईंचा पाय मशीनवर थांबला. "पोरगी कुठं हाये?"

"घरी. हा घ्या ना मापाचा ब्लाउज, दिवाळीतलाच हाये."

"पोरगी काऊन नाही आली?"

"काही नाही वो, असंच. उन्हात कायले आणू?"

मी पेपरातून मान वर केली. देवकाबाईंना बिचाऱ्यांना काय माहीत, त्यांनी काय बोलून ठेवलं.

पोरीशिवाय कापडाला कात्री लागणार नाही, असं साफ सांगितल्यावर संध्याकाळी रोशनी आईबरोबर आली. गळ्याभोवती ओढणीचे दोन वेढे. पडद्याआड टेपचा आवाज, "हात वर कर," "इकडं फिर." मग "खाली पाह." त्यानंतर इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मी लाल पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," रोशनी म्हणाली.

देवकाबाई पडद्यात शिरल्या. सर्दीची गाठ आहे, दुखत नाही, बसून जाईल, असं म्हणत राहिल्या. कौसल्याबाईंनी दिवाळीचा ब्लाउज उलटा करून टेप लावली आणि पोरीच्या अंगावरचं माप त्याच्याशेजारी धरलं. पाच-सहा महिन्यांत छातीत दोन इंच उतरली होती. संध्याकाळी अंग गरम लागते का म्हणून विचारलं, तर रोशनीने आईकडे पाहिलं. मी उठून पाहिलं. मानेच्या उजव्या बाजूला, एकाला एक चिकटलेल्या तीन गाठी, सुपारीएवढ्या.

देवकाबाई रडायला लागल्या. "मेच्या पंधरा तारखेले लग्न हाये. लग्न होऊ द्या, मंग मी स्वतः घेऊन जाईन दवाखान्यात. आता पोराकडच्यांले समजलं तं सोयरीक मोडन. कोनाले सांगू नका तुमी दोघी, माझ्या गळ्याची शपथ हाये."

 खोटं कशाला सांगू, मला त्यांचं पटलंही थोडं. महिनाभराचा तर प्रश्न. पोरीचं जमलेलं लग्न मोडायचं पाप कोण डोक्यावर घेणार?  कौसल्याबाईंनी कापड घेतलं, घडी घातली, आठ दिवसांनी या म्हणाल्या. मला वाटलं, बाईने मानलं.

आठव्या दिवशी देवकाबाई आणि रोशनी आल्या. आयुष्यात पहिल्यांदा कौसल्याबाईंनी सांगितलेल्या दिवशी ब्लाउज काढून ठेवला होता, बाह्या टाचलेल्या, बाकी कच्चा. देवकाबाईंनी उलगडला. गळा पुढून खोल, मागून त्याहून खोल. कॉलरचा पत्ता नाही.

"हे काय हो? कॉलर सांगितली होती ना?"

"हव."

"मंग?"

"हात चुकला," कौसल्याबाई म्हणाल्या.

तीस वर्षांत त्या बाईचा हात चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. देवकाबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी तो ब्लाउज जमिनीवर आपटला आणि जे बोलायला सुरुवात केली ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. लग्न मोडायला बसलेली बाई, वाईट नजरेची, दुसऱ्याच्या पोरीचं चांगलं न पाहवणारी. शेजारपाजारच्या बायका जमल्या, काकी सगळ्यांत पुढे. मीही चिडले होते. मी कौसल्याबाईंना म्हणाले, "कापड त्यांचं आहे, पोरगी त्यांची आहे. तुम्हाला हा हक्क नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "पन तीन शिवले होते म्याडम. चौथा नाही शिवत."

 देवकाबाई नवीन कापड घेऊन दुसरीकडे शिवून घेईन म्हणत होत्या, आणि ते त्या करूही शकल्या असत्या. आमगावात शिंपिणींना तोटा नाही. तेवढ्यात रोशनीने गळ्याची ओढणी सोडली. सगळ्यांसमोर. "आई, मले दवाखान्यात जाचं हाये," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. पुढे कौसल्याबाई आणि रोशनी, मागे मी, आणि दहा पावलं मागे देवकाबाई. त्याच डॉक्टरीणबाईंनी गोंदियाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे गाठीत सुई घालून तपासणी झाली, एक गाठ बारीकशी चिरून तुकडाही काढला. गाठींचा टीबी. बरा होतो, म्हणाले, औषध फुकट मिळेल, पण निदान सहा महिने, एक दिवस न चुकता. गाठीतला टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, तरी घरच्या सगळ्यांना तपासून घ्या. वर्षभर झाकून ठेवला असता तर फुटून वाहायला लागला असता, आणखी कुठे पसरला असता ते सांगता येत नाही.

सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी फोनवरच सांगितलं. मला वाटलं होतं तसं गोड काही झालं नाही, हे मी स्पष्ट सांगते. देवकाबाईंनी कौसल्याबाईंचं नाव टाकलं. पोरीच्या गळ्यात गाठ आली ती त्या बाईच्या अंगठ्याने, हे त्यांनी इतक्या जणींना सांगितलं की त्या लग्नसराईत दुकानात फक्त फॉल-पिकोच्या साड्या येत होत्या. बायका रस्त्यावरून जाताना गळ्याभोवती पदर ओढून घ्यायच्या. कौसल्याबाई ते पाहायच्या आणि त्यातही त्यांना शंका यायची. "ती पाहा, दुसऱ्यांदा ओढला तिनं पदर. डाव्या बाजूनंच. काऊन?" मी म्हटलं, अहो बाई, तुमच्या भीतीने. तर म्हणाल्या, "भीती तं दोन्ही बाजूनं असन ना."

रोशनीचा कॉलेजचा रस्ता आमच्या गल्लीतून होता. कौसल्याबाई रोज दारात उभ्या. "गोळी घेतली?" पोरगी मान डोलावून पुढे जायची. तिसऱ्या महिन्यात ताप गेला, अंग भरलं, गाठी बसत आल्या. एक दिवस त्यांनी विचारलं तशी ती हसून म्हणाली, "हव काकी, आता काही नाही."

झालं. कौसल्याबाई मशीन सोडून रस्त्यावर आल्या, तिची पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, "घरी चाल. पाकीट दाखव." देवकाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या त्या, आत कोणी बोलावलं नाही तरी. पाकिटात नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. बरं वाटतंय म्हणून पोरीने सोडल्या होत्या. देवकाबाईंनी ते पाकीट पाहिलं आणि दार लावून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी त्या पोरीला घेऊन दवाखान्यात गेल्या, सगळं खरं सांगितलं, आणि तिथून पुढे गोळी आईसमोर घेतली जायला लागली. हे मला रोशनीने सांगितलं. कौसल्याबाईंना कोणी काही सांगितलं नाही.

औषध संपलं. पुढच्या वर्षी रोशनीचं लग्न ठरलं, गोंदियाकडचाच मुलगा, आजाराचं आधी सगळं सांगून. मला पत्रिका आली. कौसल्याबाईंना आली नाही.

लग्नाच्या दहा दिवस आधी रोशनी माझ्या खोलीवर आली. पिशवीतून तिने त्या दिवशी उचलून नेलेला तो ब्लाउज काढला. रेशमी, कच्चा, खोल गळ्याचा, आपटल्याचा डाग अजून कडेला होता. "म्याडम, कौसल्याकाकीकडून पुरा करून द्या. आई मले तिकडं जाऊ नाही देणार." सोबत मापाचा ब्लाउज होता.

कौसल्याबाईंनी तो मापाचा ब्लाउज दोन बोटांनी उचलला. चौकटीच्या रेघांना लावून टेप तपासली, मग ब्लाउज, मग पुन्हा टेप. "हा कधीचा?"

"तिने मागच्या महिन्यात घातलेला आहे. मी पाहिलाय."

"तुमी पाहिलं म्हणून झालं का?" पण घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माणूस न पाहता नुसत्या मापावर ब्लाउज शिवला, आणि दहाही दिवस माझं डोकं खाल्लं. पोरगी नीट जेवते का? आवाज कसा आहे? तुम्ही तिची मान पाहिली का, हात लावून पाहिलं का? मी म्हटलं, डॉक्टरांनी पाहिलंय. तर म्हणाल्या, "कधी?"

लग्न दुपारचं होतं, गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात. रोशनीने तोच ब्लाउज घातला होता. गळा नेमका बसला होता, आणि मानेच्या उजव्या बाजूला नखाएवढा पांढरट व्रण स्पष्ट दिसत होता, कोणीही पाहावा असा. जेवण झालं, पाठवणी निघाली, देवकाबाई पोरीला धरून रडत होत्या. मी फाटकाबाहेर आले तर रस्त्यापलीकडे, कडुलिंबाखाली कौसल्याबाई उभ्या. गळ्यात टेप तशीच लटकत होती, काढायची राहिली असावी.

"इथे काय करताय?"

"मागून खेचून राहिला का ते पाहाले आली," त्या म्हणाल्या. "मापावर शिवला ना. भरोसा नाही."

गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि थांबली. दार उघडून रोशनी उतरली. आत नवरा मुलगा, त्याची बहीण, मागच्या गाडीत वऱ्हाड, सगळे पाहत होते. फाटकात देवकाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्यांनी अडवलं नाही. रोशनी रस्ता ओलांडून आली आणि कौसल्याबाईंच्या पाया पडायला वाकली.

आशीर्वादाला हात डोक्यावर जातो. कौसल्याबाईंचा हात डोक्यावर गेला नाही. त्यांनी मुंडावळ्या बाजूला केल्या, हार वर सरकवला.

"खाली पाह," त्या म्हणाल्या.

पोरगी वाकलेलीच होती, ती तशीच राहिली. अंगठा कानामागून निघाला, जबड्याखालून आला, व्रणावर थांबला, दाबून पाहिलं, मग हळूहळू खाली गळ्याच्या हाडापर्यंत. मग दुसरी बाजू. मग मागची मान. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. कौसल्याबाईंनी तिकडे पाहिलंही नाही, पुन्हा पहिल्या बाजूला आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं पाहिलं.

मग त्यांनी हार नीट केला, मुंडावळ्या सारख्या केल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जाय आता."